दोन कोटींच्या खालचा अपघात

पारशिवनी या तालुक्याच्या गावी आगगाडी येत नाही. परंतु याच तालुक्यातील कन्हान हे मुंबई-हावडा मार्गावरचे जंक्शन असून रामटेकची शाखा तेथूनच फुटते, आणि कामठी, इंदर व गोंडेगाव येथील उघड्या खाणींचा कोळसाही याच परिसरातून निघतो. नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटर मापाची वाट १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ताब्यात घेऊन रुंद केली, तेव्हापासून मालगाडी हे या टापूचे नित्य दृश्य आहे. म्हणूनच, ज्या अपघातात माणूस दगावत नाही, केवळ लोखंड वाकते, त्याची दखल कायदा किती घेतो, हा प्रश्न कन्हानच्या फलाटावर जितका स्वाभाविक वाटतो तितका अन्यत्र क्वचितच वाटेल.

१८९० च्या रेल्वे कायद्याने मालमत्तेच्या ‘गंभीर’ हानीचा उल्लेख केला, रक्कम मात्र सांगितली नाही. आज अमलात असलेल्या १९८९ च्या कायद्याचे ११३ वे कलम जवळच्या स्टेशनमास्तरावर जिल्हा दंडाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि हद्दीतील ठाणेदार यांना विनाविलंब इत्तला देण्याची जबाबदारी टाकते. परंतु कोणते नुकसान गंभीर समजावे, हे ठरविण्याचे काम त्याने नियमांवर सोपविले आहे. रेल्वे सुरक्षा आयुक्ताची चौकशी अनिवार्य व्हावी यासाठी प्रवासी गाडीच्या अपघातात मनुष्यहानी किंवा प्रवाशास जबर दुखापत तरी झालेली असावी लागते, नाहीतर रेल्वेच्या मालमत्तेची हानी ठराविक रकमेपलीकडे गेलेली असावी लागते. ही रक्कम पूर्वी २५ लाख रुपये होती. ती पुढे २ कोटी झाली.

आठपट! महागाई वाढते, नव्या डब्याचीच किंमत कोटीच्या घरात जाते, तेव्हा आकडा वाढविणे अपरिहार्यच आहे, हे मला मान्य आहे. परंतु नियमात केवळ आकडा असतो, तो कोणत्या हिशेबाने आला हे नसते, आणि वर्षानुवर्षे स्थिर राहून एके दिवशी आठपट होणारी मर्यादा अपघातांच्या दोन कालखंडांतील तुलनाच निरर्थक करून टाकते. अमेरिकेत अपघातांच्या अहवालाचा कायदा १९१० चा; तेथेही १९९० नंतरच्या काही वर्षांत मर्यादा ६,३०० डॉलरांवर गोठली होती, पण पुढे मजुरी व साहित्य यांच्या दरांशी बांधलेले सूत्र रूढ झाले आणि २००६ साली ७,७००, २०११ साली ९,४००, २०१७ साली १०,७०० डॉलर, अशी ती लहान पावलांनी चढत गेली. त्या हिशेबात रूळ, गाडी आणि सिग्नल यांची हानी धरतात. वाहून नेलेला माल आणि मलबा हटविण्याचा खर्च धरीत नाहीत. काय मोजावे हे आधी सांगितलेले असल्यामुळे आकड्याला अर्थ येतो.

पण सूत्र कितीही निर्दोष असले तरी रुपया धोका मोजीत नाही. एकाच जातीच्या तड्याने रूळ तुटून एक गाडी दहा पावलांत थांबते, तर दुसरीचे चाक सिमेंटच्या स्लीपरांवरून फरफटत जाऊन शेकडो स्लीपर निकामी करते. कारण एकच, शिकण्याजोगा धडा एकच, परंतु खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर. शिवाय हा खर्च मांडतात ते रूळ, वाघिणी, सिग्नल व विजेच्या तारा सांभाळणारे विभागच, म्हणजे ज्यांच्या कामाची पारख व्हावयाची तेच. रेल्वेचा सुरक्षा-निरीक्षक रेल्वेच्या अमलाखाली असू नये म्हणूनच १९४१ साली ते खाते वेगळे केले गेले आणि आज ते नागरी विमानवाहतूक मंत्रालयाच्या अधीन आहे. त्या स्वतंत्र अधिकाऱ्याचे दार मात्र रेल्वेनेच केलेल्या बेरजेने उघडते वा बंद राहते.

कोळशाच्या गाडीला तर हे दारही नाही. अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणींच्या, प्रत्येकी सुमारे ८० टन भाराच्या गाडीचा अर्धा भाग उलटून कोट्यवधींची हानी झाली, तरी प्रवासी नसल्यामुळे आयुक्ताची चौकशी सक्तीची होत नाही; ती खात्यांतर्गत समितीकडे जाते. आयुक्ताने स्वेच्छेने हात घालावा अशी मुभा नियमांत आहे, सक्ती नाही. आणि त्या मालगाडीच्या मागोमाग त्याच रुळांवरून प्रवासी गाडी धावते.

सरकारी आकड्यांप्रमाणे २०००-०१ मध्ये गंभीर परिणामांचे ४७३ रेल्वे अपघात झाले, २०२३-२४ मध्ये ४०. ही घट खरी आहे आणि त्यामागे रूळ-नूतनीकरणाचे व नव्या डब्यांचे मोठे श्रेय आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. तरीही ‘गंभीर परिणाम’ म्हणजे काय हे ठरविताना जीवितहानी व दुखापतीबरोबर नुकसानीची रक्कम आणि वाहतूक खोळंबण्याचे तास हेही मोजले जातात, याची जाणीव वाचकाने ठेवावी. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली गाड्या चालविणाऱ्या यंत्रणेपासून अलग असे वैधानिक सुरक्षा प्राधिकरण सुचविले होते. ते होईतो निदान एवढी तजवीज अवघड नाही: मर्यादा दरवर्षी प्रसिद्ध सूत्राने बदलावी, नुकसानीची मोजणी संबंधित विभागांबाहेरच्या माणसाने तपासावी, आणि मुख्य मार्गावर मालगाडी रुळांवरून घसरली की रक्कम न पाहता तिचा तपशील आयुक्ताच्या दफ्तरी जावा, कन्हानपुरते बोलायचे तर ते दफ्तर कोलकात्यास आहे.