तंजावूरची राजायी, पडद्यावरची राजकुमारी

तंजावूरच्या राजवाड्यातील मराठा दरबार सभागृहात आज पर्यटकांची वर्दळ असते. दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) याच दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या बंधूंनी, पुढे भरतनाट्यम म्हणून ओळखल्या गेलेल्या नृत्याची मांडणी निश्चित केली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले, ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केले आणि कलावंतांचा राजाश्रय तुटला. मग अनेक कलावंत घराण्यांनी मद्रासची वाट धरली. तेथे सभागृहे होती, नाटक मंडळ्या होत्या. पुढे ग्रामोफोन आला आणि त्यामागून बोलपट.

याच वाटेने पडद्यावर पोहोचलेल्या अभिनेत्री व गायिका म्हणजे टी. आर. राजकुमारी. दाक्षिणात्य प्रथेप्रमाणे नावातील ‘टी’ हे आद्याक्षर तंजावूरचे. ५ मे १९२२ रोजी तंजावूरला जन्मलेल्या या मुलीचे मूळ नाव राजायी. वंशपरंपरेने गायन-नर्तन करणाऱ्या समाजातील हे कुटुंब. आजी कुजलांबाळ कर्नाटक संगीतातील नामवंत गायिका होत्या. दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम यांच्या ‘कच देवयानी’ (१९४१) या चित्रपटाने राजकुमारी प्रकाशझोतात आल्या.

१९४४ च्या दिवाळीत ‘हरिदास’ प्रदर्शित झाला. नायक एम. के. त्यागराज भागवतर तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होते. त्यांना भुरळ घालणारी नर्तकी रंभा राजकुमारी यांनी रंगविली. मद्रासच्या ब्रॉडवे चित्रपटगृहात या चित्रपटाने तीन दिवाळ्या पाहिल्या. भागवतर मात्र प्रदर्शनानंतर थोड्याच दिवसांत एका खून खटल्यात अटकेत गेले.

मराठी प्रेक्षकांना राजकुमारी माहीत असतील त्या ‘चंद्रलेखा’मुळे. एस. एस. वासन यांनी १९४८ मध्ये हा चित्रपट तमिळ व हिंदी अशा दोन्ही भाषांत आणला. गादीसाठी भांडणारे दोन राजपुत्र, एक नर्तकी आणि भव्य नगाऱ्यांवरील नृत्य. नृत्य संपताच नगाऱ्यांच्या पोटात दडलेले सैनिक बाहेर पडतात! दक्षिणेतील निर्मात्यांना हिंदीची बाजारपेठ खुली झाली ती प्रामुख्याने या यशाने.

योगायोग असा की, मद्रास प्रांतात देवदासी प्रथेवर बंदी घालणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, १९४७ मध्ये झाला होता. मंदिरांत मुलींना वाहण्याची प्रथा त्याने बंद केली. पण पिढीजात नर्तकींच्या चरितार्थाची सोय त्यात नव्हती. अशा काळात नर्तकीच्याच भूमिकेत देशभर पोहोचलेल्या राजकुमारी केवळ कुणाच्या आश्रित राहिल्या नाहीत. बंधू व दिग्दर्शक टी. आर. रामण्णा यांच्यासह त्यांनी आर. आर. पिक्चर्स ही संस्था चालविली. एम. जी. रामचंद्रन आणि शिवाजी गणेशन प्रमुख भूमिकांत एकत्र आलेला एकमेव चित्रपट, ‘कूंडुक्किळी’ (१९५४), याच संस्थेचा. मद्रासच्या त्यागरायनगरात त्यांनी स्वतःच्या मालकीचे ‘राजकुमारी’ चित्रपटगृह उभारले. चित्रपटगृहाची मालकीण असलेली अभिनेत्री त्या काळी दक्षिणेत अपवादानेच आढळे.

‘वानंबाडी’ (१९६३) नंतर त्या पडद्यापासून दूर झाल्या. २० सप्टेंबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे चित्रपटगृह आता अस्तित्वात नाही.