चर्चमधली गाणी आणि आपली ओवी

वर्गात ओवी शिकवत होते. एक मुलगी म्हणाली, "बाई, माझ्या आजीच्या गावी, वसईला, चर्चमध्ये मराठीत गातात." वर्ग हसला. आमच्या भोईवाड्याच्या मुलांना चर्च म्हणजे दादरचं पोर्तुगीज चर्च, तेही बसचा थांबा म्हणून माहीत! मग पाठ थांबवून हेच समजावलं.

कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेला मिस्सा म्हणतात. तिच्यातलं गाणं करमणुकीसाठी नसतं, ती प्रार्थनाच असते. प्रत्येक गाण्याची जागा ठरलेली: सुरुवातीला प्रवेशगीत, पहिल्या वाचनानंतर स्तोत्र, पुढे अर्पणगीत, ख्रिस्तप्रसाद घेताना वेगळं गीत. स्तोत्रात एकजण कडवं गातो आणि सगळे ध्रुवपद म्हणतात, अगदी आपल्या भजनासारखं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात 'आलेलुया' हा आनंदाचा शब्द गात नाहीत. तो ईस्टरलाच परत येतो.

पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२-६५) लोकभाषांना वाट दिली आणि मराठीत मिस्सा होऊ लागली. पण ख्रिस्ती भक्तीला मराठी नवी नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी गोव्यात 'क्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. कथा बायबलची आणि छंद ज्ञानेश्वरीचा!

दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं आजीचं एक गीत म्हटलं. ध्रुवपद सगळ्या वर्गानं धरलं.

शिक्षक मित्रांनो, ओवी शिकवताना ज्ञानेश्वरीसोबत क्रिस्तपुराणाचंही नाव जरूर घ्या. वर्गातल्या एखाद्या मुलाला पाठ आपल्या घरचा वाटेल.