विश्लेषण : उत्तर कोरिया खरेच अमेरिका जिंकू शकेल? व्हिडीओ गेममधील आक्रमणांचे गणित कुठे फसते?

'होमफ्रंट' या व्हिडीओ गेमनुसार २०२५ मध्ये उत्तर कोरियाच्या फौजा अमेरिकेत उतरायला हव्या होत्या. ते वर्ष सरले आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कोणीही उतरले नाही. मात्र मार्च २०११ मध्ये आलेल्या या गेमची एक गोष्ट जवळपास जुळली होती. किम जोंग-इल यांचा २०१२ मध्ये मृत्यू होईल आणि मुलगा किम जोंग-उन सत्तेवर येईल, असे त्यात दाखवले होते. प्रत्यक्षात किम जोंग-इल १७ डिसेंबर २०११ रोजी गेले. अर्थात हा अंदाज फार अवघड नव्हता, कारण सप्टेंबर २०१० मध्येच मुलाला जनरल करण्यात आले होते. पण एक भाकीत खरे ठरले की बाकीचीही खरी वाटू लागतात. मग या गेममधील देश कोसळण्याच्या आणि आक्रमणाच्या कथांमध्ये शक्य काय आणि अशक्य काय?

'होमफ्रंट'चे कथानक काय?

उत्तर आणि दक्षिण कोरिया एक होतात, पुढे जपान त्यांच्या ताब्यात जातो. दरम्यान इंधनाचे भडकलेले दर, आर्थिक पडझड आणि साथरोग यांनी अमेरिका खिळखिळी होते. मग कोरियाचा उपग्रह अमेरिकेवर विद्युतचुंबकीय स्पंद, म्हणजे ईएमपी सोडतो. वीज, फोन, गाड्या सारे बंद पडते आणि मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील भाग कोरियन फौजा बळकावतात. या कथेच्या लेखनात जॉन मिलियस यांचा सहभाग होता. अमेरिकेवरील सोव्हिएत आक्रमणाचा 'रेड डॉन' (१९८४) हा चित्रपट त्यांचाच. त्याच चित्रपटाच्या २०१२ मधील नव्या आवृत्तीत शत्रू आधी चीन होता. चित्रीकरण झाल्यानंतर संगणकावर झेंडे आणि चिन्हे बदलून तो उत्तर कोरिया करण्यात आला. चीनची बाजारपेठ मोठी, उत्तर कोरियात तिकिटे विकायची नसतात. शत्रू कोण, हे अनेकदा असे ठरते.

सैनिकांचे गणित काय सांगते?

एखादा प्रदेश जिंकणे वेगळे आणि तो ताब्यात ठेवणे वेगळे. अमेरिकी लष्कराच्या २००६ च्या बंडखोरीविरोधी नियमपुस्तिकेत दर हजार रहिवाशांमागे किमान २० जवान असा ठोकताळा दिला आहे. मिसिसिपीच्या पश्चिमेची लोकसंख्या १४ कोटी धरली तर २८ लाख जवान लागतात. उत्तर कोरियाची संपूर्ण लोकसंख्या सुमारे २.६ कोटी आणि खडे सैन्य १२ ते १३ लाख. दक्षिण कोरियाचे पाचेक लाख सैनिक जोडले तरी हिशेब जमत नाही. शिवाय नव्याने गिळलेले दक्षिण कोरिया आणि जपान सांभाळायलाही फौज हवीच.

ती पोहोचवायची कशी, हा त्याहून मोठा प्रश्न. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत सुमारे १ लाख ५६ हजार दोस्त सैनिक उतरले, तेव्हा जवळपास सात हजार जहाजे-नौका लागल्या होत्या. ते अंतर होते साधारण १६० किलोमीटर. कोरियापासून अमेरिकेचा पश्चिम किनारा सुमारे नऊ हजार किलोमीटरवर आहे. १९९०-९१ मध्ये सौदी अरेबियाची बंदरे खुली होती आणि यजमान मदतीला होता, तरी अमेरिकेला तिथे पाच लाख सैनिक जमवायला पाचेक महिने गेले. त्यातही उतरताना कोणी गोळी झाडत नव्हते.

समुद्र सोडा, जमिनीवरून जाणेही सोपे नाही. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये बेलारूसमधून कीव्हकडे निघालेला रशियाचा सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा ताफा इंधन आणि रसद यांच्या टंचाईने रखडला, आणि तोही शेजारच्याच देशात. गेममध्ये डिझेल संपत नाही, कारण डिझेलची वाट पाहण्यासाठी कोणी पैसे मोजत नाही.

'कॉल ऑफ ड्युटी : मॉडर्न वॉरफेअर २' (२००९) मध्ये रशियाची विमाने थेट व्हर्जिनियाच्या वस्त्यांवर येतात, कारण अमेरिकेची टेहळणी यंत्रणा हॅक झालेली असते. वाटेतल्या कोणालाच ती कशी दिसली नाहीत, हे विचारायचे नसते. आणि ईएमपीने शहरे अंधारात गेली तरी समुद्राखाली अण्वस्त्रे घेऊन फिरणाऱ्या ओहायो वर्गाच्या १४ पाणबुड्यांचे काय, यावर बहुतेक गेम मौन पाळतात.

वीज गेली की देश कोसळतो का?

ईएमपी ही निव्वळ कल्पना नाही. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा अणुस्फोट केला. सुमारे १,४०० किलोमीटर दूर हवाईत तीनेकशे पथदिवे बंद पडले. आजची उपकरणे तेव्हापेक्षा नाजूक आहेत, त्यामुळे धोका खरा आहे.

पण अंधार आणि अराजक यांत अंतर असते. ३१ जुलै २०१२ रोजी भारतातील तीन प्रादेशिक ग्रिड कोलमडले आणि ६० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या भागातील वीज गेली. सरकार पडले नाही, दंगली झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक पुरवठा सुरळीत झाला होता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्यामागे सायबर घातपात असू शकतो, असे राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी मार्च २०२१ मध्ये सांगितले. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे म्हटले. गेममध्ये हल्ला कोणी केला हे पहिल्या पाच मिनिटांत कळते, इथे जवळपास पाच महिन्यांनंतरही दोन सरकारांचे एकमत नव्हते.

माणसे एकमेकांवर तुटून पडतात?

'द डिव्हिजन' (२०१६) मध्ये नोटांवरून देवीचा विषाणू पसरतो आणि काही आठवड्यांत मॅनहॅटन टोळ्यांच्या हाती जाते. त्यामागची प्रेरणा खरी आहे. जून २००१ मध्ये अमेरिकेत झालेल्या 'डार्क विंटर' या सरावात देवीच्या जैविक हल्ल्यापुढे लसींचा साठा आणि प्रशासन कसे अपुरे पडेल, हे तपासले होते. साठा संपण्याची भीती रास्तच. टोळ्यांचे राज्य मात्र गेमची गरज आहे, कारण गोळ्या कोणावर तरी झाडायच्या असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा मुंबईकरांनी अनोळखी माणसांना घरात घेतले होते.

हास्यास्पद वाटलेला भाग खरा ठरला?

'होमफ्रंट : द रिव्होल्यूशन' (२०१६) मध्ये कथा बदलली. आता उत्तर कोरिया तंत्रज्ञानातील महासत्ता असतो. अमेरिका त्याच्याकडून उधारीवर शस्त्रे घेते, कर्ज थकते आणि कोरिया आधीच ठेवलेल्या चोरवाटेने ती सारी शस्त्रे एका क्षणात बंद करतो. प्योंगयांगऐवजी दुसरे कोणतेही नाव घातले, तर आजच्या संरक्षण खरेदीत हीच चिंता दिसते. १७ सप्टेंबर २०२४ रोजी लेबनॉनमध्ये हिजबुल्लाने विकत घेतलेले हजारो पेजर एकाच वेळी फुटले. दुसऱ्या दिवशी वॉकीटॉकी फुटले. शत्रूने माल पोहोचण्याआधीच त्यात स्फोटके भरली होती.

सर्वात जवळ कोण पोहोचले?

२००१ च्या 'घोस्ट रेकन'मध्ये २००८ साली रशिया आणि जॉर्जिया यांच्यात दक्षिण ओसेशियावरून ठिणगी पडते. ऑगस्ट २००८ मध्ये तेच घडले. या कथेत महासागर ओलांडायचा नव्हता. जुना सीमावाद, सरहद्दीला लागून असलेला मोठा शेजारी आणि पर्वतातून जाणारा एक बोगदा एवढे पुरेसे होते. गेममध्ये पुढे अमेरिकी कमांडो थेट मॉस्कोच्या लाल चौकात पोहोचतात. प्रत्यक्षात युद्ध पाच दिवसांत थांबले, अमेरिकेने लढायला सैन्य पाठवले नाही आणि दक्षिण ओसेशियात रशियाचे लष्करी तळ अजूनही आहेत.