कात्रीखालचे शेवाळ

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांनी गेल्या चार दशकांत शेवाळाला आधी वैरी मानले, मग तारणहार. दोन्ही वेळा खरे श्रेय शेवाळापेक्षा त्याच्या कापणीला द्यायला हवे होते, असे मला वाटते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी १९८०च्या सुमारास प्रवाळभिंतीचा जिवंत नमुना उभारला, तेव्हा पाणी राखण्याचे काम शेवाळावरच सोपवले: जाळीवरून पाणी खेळवायचे, वर प्रखर दिवे, आणि उगवलेला थर नेमाने खरवडून बाहेर काढायचा. माशांच्या खाद्यातले नत्र आणि स्फुरद शेवाळ अंगात बांधून ठेवते. ते टाकीतच कुजले तर सारे पुन्हा पाण्यात उतरते. हिरवेपणा नव्हे, वाढ आणि काढणी महत्त्वाची. म्हणूनच हौसेने लावलेली खारफुटीची रोपे घरच्या टाकीत फारसे पाणी सुधारत नाहीत; ती फार सावकाश वाढतात.

कौलर्पाची गोष्ट याच कसोटीवर वाचावी. हातभर पसरलेले हे शेवाळ म्हणजे असंख्य केंद्रकांची एकच पेशी. प्रजननाच्या वेळी आतला सगळा जीवद्रव्याचा साठा ते पाण्यात सोडते. पाणी हिरवट गढूळ होते, मागे पांढरी पोकळ त्वचा उरते. या धास्तीने अनेकजण कीटोमॉर्फा या दुसऱ्या शेवाळाच्या गुंत्याकडे वळले. ते योग्यच झाले, पण न कापलेल्या गुंत्याच्या गाभ्यात उजेड पोहोचत नाही आणि तोही आतून सडतो.

फेस काढणारा स्किमर असताना ही उठाठेव कशाला, असा आक्षेप घेतात. स्किमर सेंद्रिय मळ कुजण्याआधीच उचलतो, हे मान्य; पण एकदा विरघळलेले नायट्रेट आणि फॉस्फेट फेसाला चिकटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: टाकीतले शेवाळ समुद्रात निसटू शकते. १९८४मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कौलर्पा टॅक्सिफोलियाचा जेमतेम चौरस मीटरभर ठिपका दिसला, आणि पुढे तो भूमध्य किनाऱ्यावर फोफावला. जीवशास्त्रज्ञ अलेक्सांद्र मेनेझ यांनी धोक्याची घंटा वाजवली तेव्हा ते आले कुठून यावर वाद पेटला. नंतरच्या आनुवंशिक तपासणीत हा वाण मत्स्यालयांतल्या वाणाशी जुळला. तेव्हा कापणी जितकी गरजेची, तितकीच कापलेल्या जुडग्याची विल्हेवाटही: गोठवून किंवा पुरता वाळवून मगच कचऱ्यात, मोरीत कदापि नाही. २०००मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात तोच वाण सापडला. ताडपत्रीखाली झाकून, आत क्लोरीन सोडून तो मारावा लागला, आणि खाजण मोकळे झाल्याचे जाहीर करायला २००६ उजाडले.