गाठीविना बूट

धावताना बुटाची लेस सुटून तुमच्यापैकी कुणी ना कुणी आपटलेच असेल. वर घरी बोलणीही खाल्ली असतील. पण दोष दर वेळी बांधणाऱ्याचाच असतो, असे मात्र नाही.

सुरगाठ टिकते ती घर्षणामुळे. लेसचे पदर एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षण त्यांना सरकू देत नाही. मग चालता चालता ती सुटते कशी? अमेरिकेतील बर्कले येथे कॅलिफोर्निया विद्यापीठातील ऑलिव्हर ओ'रायली आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी २०१७ मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. धावणाऱ्या पायाचे त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले. पाय जमिनीवर आदळतो तेव्हा गाठीला गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ७ पट हिसका बसतो आणि दर हिसक्याला ती किंचित सैल होते. त्याच वेळी पाय पुढेमागे झुलत असल्यामुळे लेसची मोकळी टोके जडत्वाने चाबकासारखी फटकारतात आणि गाठीला बाहेर ओढतात. बाकावर बसून नुसते पाय झुलवले, किंवा जागच्या जागी नुसते पाय आपटले, तर गाठ सुटत नाही. दोन्ही एकत्र हवे. टोक एकदा सरकू लागले, की दोनचार पावलांत गाठ मोकळी!

इलॅस्टिकच्या लेसमध्ये ही दोन्ही कारणेच काढून टाकलेली असतात. आत रबराचे धागे, वर विणलेले आवरण. लेस एकदा ओवून टोके चापात अडकवली, की गाठही नाही आणि लोंबणारी टोकेही नाहीत. बूट मोज्यासारखा पायात चढवायचा. ट्रायथलॉनमध्ये सायकलवरून उतरून धावू लागेपर्यंतचा वेळही मोजला जातो, म्हणून तेथील खेळाडू अशा लेस वापरतात. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजोबांना तर ही मोठीच सोय.

आता बूट घट्ट राहतो तो ताणलेल्या रबराच्या ओढीमुळे. एक साधा प्रयोग करा. खिळ्याला रबरबँड अडकवून त्याला १००-१०० ग्रॅमची वजने टांगत जा आणि दर वेळी लांबी लिहून ठेवा. मग वजने एकेक करून काढा. तेवढ्याच वजनाला उतरताना लांबी थोडी जास्त भरते. रबर हूकचा नियम काटेकोरपणे पाळत नाही. ताणताना दिलेल्या ऊर्जेपैकी काही भाग उष्णतेत जातो. रबर फार दिवस ताणलेले राहिले, की त्याची ओढही कमी होते. म्हणून या लेस कालांतराने ढिल्या पडतात.

दिवसभरात पाय थोडा सुजला तर इलॅस्टिक सैल होऊन जागा देते. साधी लेस देत नाही, ती रुतते. उलट फुटबॉल खेळताना झटकन वळलात, तर तेच इलॅस्टिक ताणले जाते आणि पाय बुटात सरकतो. तेथे मी तरी साधीच लेस वापरा म्हणेन.

पण ती बांधून झाल्यावर खाली पाहा. फुलाचे दोन फासे बुटावर आडवे पडले असतील तर गाठ बरोबर. ते टाचेकडून चवड्याकडे उभे राहत असतील, तर तुम्ही दोन्ही वेढे एकाच दिशेने घेतले आहेत, आणि ही गाठ लवकर सुटते. पहिल्या वेढ्यात उजवे टोक डाव्यावरून नेले असेल, तर दुसऱ्यात डावे उजव्यावरून न्या. पदार्थविज्ञान शिकवणारा मी स्वतः चाळिशीपर्यंत उभीच गाठ बांधत होतो.