थंड इंजिनाचा पहिला आवाज : जुनी गाडी घेण्यापूर्वी काय ऐकावे?

आठवडी बाजार करणारा कापडविक्रेता असो, फर्निचर पोहोचविणारा सुतार असो की वेल्डिंगचे सामान घेऊन गावोगाव फिरणारा कारागीर असो, आपल्या भागात बहुतेकांची पहिली चारचाकी जुनीच असते. मनमाड-परभणी रेल्वेमार्गावरील पेडगावसारख्या गावात राहून परभणी, मानवत, पाथरी, सेलूचे बाजार धरायचे तर गाडी लागतेच. मग काही वर्षांची बचत घालून एखादी ओम्नी, टाटा एस किंवा बोलेरो घेतली जाते. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले, म्हणजे आज विक्रीला येणारी प्रत्येक ओम्नी किमान तेवढी जुनी असते. घेणारा रंग पाहतो, टायर पाहतो, कागदपत्रे पाहतो. इंजिन मात्र दुपारी, आधीच चालू करून ठेवलेले पाहतो. इंजिनाची अनेक दुखणी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पहिल्या अर्ध्या मिनिटातच बोलतात, नंतर ती गप्प होतात.

याचे कारण साधे आहे. गाडी उभी राहिली की इंजिनाच्या वरच्या भागातील ऑइल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरते. सकाळी सेल्फ मारल्यावर ते पंपाने पुन्हा वर चढेपर्यंत सुटे भाग जवळजवळ कोरडेच फिरतात. त्यात थंडी असेल तर ऑइल घट्ट होते. आमच्या परभणीची थंडी काही कमी नाही. डिसेंबर २०१८ मध्ये येथील कृषी विद्यापीठात पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. शिवाय पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि बोअर बहुधा बीडाचा असतो. गरम झाल्यावर पिस्टन अधिक फुगतो व फट भरून निघते. थंड असताना फट मोठी असते आणि झीज झालेली असेल तर ती ऐकू येते.

म्हणून गाडी पाहायला फजरनंतर लगेच जावे आणि “इंजिन चालू करू नका, मी आल्यावरच करू” असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. गेल्यावर प्रथम बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवावा. ते कोमट लागले तर मालकाने गाडी आधीच तापवली आहे, हे उघड आहे. कदाचित तो सहज पाण्याला जाऊन आला असेल, पण आपण दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. बाजारातील धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा उघड करणाऱ्या प्रेषितांची (स.) हकीकत आपल्याला ठाऊक आहे. विकणाऱ्याने ऐब सांगितला पाहिजे हे खरे, पण घेणाऱ्याने हात घालून पाहू नये असे कोठेही म्हटलेले नाही.

आता चावी फिरवावी, पण सेल्फ मारू नये. ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे. तो लागतच नसेल तर बल्ब गेला आहे किंवा कोणीतरी तार काढली आहे. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत टाकीकडून दोन सेकंद ‘घूं’ असा आवाज येतो. तो इंधन पंपाचा असून त्याला घाबरण्याचे कारण नाही. सुरू झाल्यावर नवी गाडी मिनिटभर जरा जास्त रेसवर राहते, तेही रीतसरच आहे. ऑइलचा दिवा मात्र दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे.

सेल्फ मारताच नुसते ‘टक्’ झाले आणि इंजिन फिरले नाही तर बॅटरी, तिची कनेक्शने किंवा सेल्फचा स्विच पाहावा. लोखंडावर लोखंड घासल्यासारखे ‘खर्रर्र’ झाले तर सेल्फचे दात फ्लायव्हीलच्या रिंगला नीट लागत नाहीत. सेल्फ दुरुस्त होतो. पण रिंगचे दात गेले असतील तर गिअर बॉक्स उतरवावा लागतो. हा खर्च मोठा आहे.

इंजिन सुरू झाल्यावर ‘चीं’ असा आवाज आला तर बहुधा फॅन बेल्ट सैल किंवा जुना झालेला असतो. हेडलाइट लावल्यावर आवाज वाढला तर ही शंका पक्की होते. हे काम स्वस्तात होते. मात्र बेल्ट ठीक असूनही ‘घर्रर्र’ चालूच असेल तर वॉटर पंप किंवा ऑल्टरनेटरचे बेअरिंग पाहावे.

खरा निवाडा ठोक्यांचा आहे. वरून, टॅपेट कव्हरच्या बाजूने येणारी हलकी ‘टिकटिक’ टॅपेटची असते. ओम्नीसारख्या इंजिनात टॅपेट सेटिंग करून ती जाते. केवळ त्या आवाजासाठी चांगली गाडी सोडू नये. पहिल्या एक-दोन सेकंदांची ‘खडखड’ होऊन लगेच शांतता झाली तर स्वस्तातला ऑइल फिल्टर हे कारण असू शकते. चांगल्या फिल्टरमधील झडप ऑइल मागे उतरू देत नाही, हलक्यातील देते. ज्या इंजिनाला टायमिंग चेन आहे, उदाहरणार्थ स्विफ्टचे १.३ लिटर डिझेल, तेथे हीच खडखड लांबत असेल तर चेन व तिचा टेन्शनर तपासून घ्यावा. चेन घसरली तर व्हॉल्व्ह वाकतात.

थंडीत पोकळ ‘ठकठक’ आणि गरम झाल्यावर बंद, हा पिस्टन-बोअरच्या झिजेचा आवाज. अशी गाडी बरीच वर्षे चालूही शकते. ऑइल किती खाते ते पाहून किंमत पाडून मागावी. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे पॅकिंग फुटले असेल तरी थंडीत ‘फटफट’ होते व धातू तापून फुगला की थांबते. हे दोन आवाज नवशिक्याला सारखेच वाटतात. पॅकिंगच्या बाबतीत जोडाभोवती काळी काजळी दिसते.

खालून, चेंबरच्या बाजूने येणारा जड ‘ठण्ठण्’ मात्र वेगळा आहे. तो गरम झाल्यावर जात नाही. ऑइल पातळ झाल्यावर आणि रेस सोडताना तो उलट स्पष्ट होतो. हे कनेक्टिंग रॉडचे किंवा क्रँकचे बेअरिंग आहे. क्रँक ग्राइंडिंग करून इंजिन बांधणे आले. पेडगावहून भल्या पहाटे माल घेऊन निघालेल्याचे इंजिन वाटेत बसले तर त्याचा बाजारही गेला आणि भांडवलही. काही विक्रेते हा आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल टाकतात. ते ऑइल गरमपणी ठोका लपवते; पण थंडीत वर चढायला वेळ घेते आणि सकाळीच भांडे फुटते.

आवाज कोठून येतो हे पाहण्यासाठी फिटर लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावतात. आपणही करावे, फक्त गळ्यातला रुमाल आणि सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी. ठोका कोणत्या सिलिंडरचा हे शोधायला जुन्या डिझेल इंजिनात इंजेक्टर पाइपचा नट सैल करीत. कॉमन रेल गाडीत हे मुळीच करू नये. तेथील दाब कातडी फोडून डिझेल शरीरात घुसवण्याइतका असतो.

डिझेलचा स्वतःचा ‘कडकड’ आवाज थंडीत वाढतोच. त्यासोबत पांढरा धूर निघून गाडी अडखळत असेल तर आधी हीटर प्लग पाहावेत. ते बदलल्यावरही धूर राहिला तर कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये.