घर चाकांवर, दिवस मालवणात

कॅरॅव्हॅन घेऊन कोकणात जायचा प्लॅन ग्रुपवर शिजतोय? मग 'कव्हर' करायच्या ठिकाणांची यादी आधी निम्मी करा.

रील्समधली कॅरॅव्हॅन तुम्ही पाहिलीच असेल. मागचं दार उघडं, समोर समुद्र, हातात कॉफीचा मग. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि आता अशा गाड्या आपल्याकडे भाड्यानेही मिळतात. पलंग, छोटा ओटा, टॉयलेट, पाण्याची टाकी, सगळं चाकांवर. चौघांनी भाडं वाटून घेतलं की गणित जमू शकतं.

पण मुंबई-गोवा महामार्गावरून कसालला मालवणकडे वळलात की रस्ता अरुंद होत जातो. समोरून एसटी येते, वर आंब्याची फांदी आणि विजेच्या तारा. म्हणून पहिला नियम : ही गाडी म्हणजे घर, भटकायचं वाहन नाही. मुक्कामाच्या ठिकाणी परवानगी घेऊन ती लावा आणि दिवसभर रिक्षा, होडी आणि स्वतःचे पाय वापरा.

सकाळ : किल्ला, घाई न करता

ऊन चढायच्या आत मालवण जेटीवरून होडी पकडा. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं. मुख्य दरवाजा तटाच्या वळणात असा लपवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. बरेच जण दरवाजात सेल्फी काढतात, शिवराजेश्वर मंदिरात हात जोडतात आणि परततात. तुम्ही मात्र होडीवाल्याशी परतीची वेळ आधीच बोलून घ्या आणि तटावरून चाला. वळणं धरून हा तट साधारण तीन किलोमीटरचा आहे. मग दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव शोधा. चहूबाजूंनी खारं पाणी आणि या तिन्ही विहिरींना गोडं! ही बाब लक्षात ठेवा, संध्याकाळी लागणार आहे.

दुपार : ओटा बंद ठेवा

गाडीत गॅस आहे म्हणून नूडल्स शिजवू नका. सकाळी घावणे-चटणी आणि दुपारी एखाद्या घरगुती खानावळीत माशांचं ताट घ्या. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, वर सोलकढी. यात चवीइतकाच हिशोबाचाही मुद्दा आहे. इथल्या कित्येक घरांचा संसार खोल्या आणि जेवणावर चालतो. झोपायची जागा आणि किराणा शहरातूनच आणलात, तर गावाच्या वाट्याला तुमचा फक्त कचरा येतो.

जेवल्यावर चक्क झोपा. दुपारी गावही डुलकी काढतं.

संध्याकाळ : देवबाग

चारच्या सुमारास रिक्षाने तारकर्ली ओलांडून देवबागला जा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर माडांच्या सावलीतलं गाव. टोकाला नदी समुद्राला मिळते. वॉटर स्पोर्ट्स आहेतच, पण नुसतं बसूनही बघा. नशिबात असेल तर रापण ओढताना दिसेल : अर्धगोलात टाकलेलं लांबलचक जाळं, दोन्ही टोकांना माणसं, आणि आलेल्या मासळीत सगळ्यांचा वाटा. ओढायला हात लावायचा असेल तर आधी विचारा. त्यांच्यासाठी तो इव्हेंट नाही, रोजचं काम आहे.

आता सकाळच्या विहिरी आठवा. वाळूच्या किनाऱ्यावर पावसाचं पाणी मुरतं आणि हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. किनाऱ्यालगतच्या उथळ विहिरींना मिळतं ते हेच पाणी. तुमच्या कॅरॅव्हॅनची सांडपाण्याची टाकी रात्री अंधारात माडाखाली रिकामी केलीत, तर ते पाणी वाळूतून झिरपत कुणाच्या तरी विहिरीत उतरणार. म्हणून बुकिंग करतानाच विचारा : टाकी कुठे रिकामी करायची? नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरी गाडी शोधा. नाहीतर सरळ निवास-न्याहारीची खोली घ्या. मजा तीच आणि खर्चही बहुधा कमी.

धामापूरचा तलाव राहिला? राहू दे. १५३० साली बांधलेला तलाव उद्यापर्यंत थांबेल. परतताना कुडाळच्या रस्त्याने गेलात तर तो वाटेवरच आहे.

निघण्यापूर्वी

- ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात.
- गाडीची उंची चालकाला विचारून ठेवा, तारांखालून जाताना कामी येईल.
- किनाऱ्याच्या वाळूवर गाडी उतरवू नका. चाकं रुतली की अख्खा दिवस गेला.
- साबण कमी वापरा, कचरा पिशवीत भरून परत न्या.